निळ्या टिकलीचे पिंजरे

१

मेलेल्या उंदरांचा वास पसरायला वेळ लागतो, बातमी पसरायला लागत नाही. पशुवैद्य बाई संस्थेच्या फाटकातून आत शिरल्या तेव्हा पहारेकऱ्यापासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं, की प्राणिगृहातल्या माद्यांना रातोरात कुणीतरी विष घातलंय.

"विष घातलं हे कुणी ठरवलं?" बाईंनी स्वागतकक्षातल्या ताईला विचारलं.

"सगळे तेच म्हणतायत," ताई म्हणाली. तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायच्या, म्हणून ती फोन डाव्या हाताने उचलायची. "तुम्ही आधी आत जा. धाकटी रडतेय म्हणे."

धाकटी रडत नव्हती. ती माद्यांच्या खोलीत स्टुलावर बसली होती, हातमोजे घातलेलेच, आणि समोरच्या मांडणीकडे बघत होती. विभागात वयाने सगळ्यांत लहान, म्हणून ती धाकटी. तिच्या समोर निम्म्या पिंजऱ्यांत हालचाल होती. उरलेल्या निम्म्यांत उंदरांच्या माद्या कुशीवर पडल्या होत्या, भुसा विस्कटलासुद्धा नव्हता.

भिंतीपलीकडे नरांची खोली. तशीच मांडणी, तेच पाणी, तेच खाणं. तिथे सगळं आलबेल.

दोन्ही खोल्यांत प्रत्येक पिंजऱ्यावर एक गोल टिकली चिकटवलेली होती, कुठे निळी तर कुठे पिवळी. एका रंगाच्या उंदरांना रोज नळीने औषध जायचं आणि दुसऱ्यांना तशाच चवीचं नुसतं पाणी. कोणता रंग कशाचा, ते फक्त समोरच्या इमारतीतल्या संख्याशास्त्रज्ञाला, म्हणजे आकडेवाल्याला, माहीत होतं. काम करणाऱ्याचं मन कुठे झुकू नये म्हणून तसा नियमच होता.

औषध मज्जातंतूंच्या दुखण्यावरचं होतं आणि विभागाने त्यात उमेदीची वर्षं घातली होती. सगळं काम नरांवर झालेलं. माद्यांची संप्रेरकांची चक्रं मधे येतात, आकडे नाचायला लागतात, असं सगळे म्हणत. धाकटी आल्यापासून भांडत होती, की जे औषध बायका घेणार ते आधी माद्यांना देऊन बघा. शेवटी तिला ही एक खोली मिळाली होती. आणि आता ही अशी.

विभागप्रमुख सर दारातच उभे होते. आत यायला त्यांना नको वाटत होतं.

"बाई, तुम्ही प्राणी-समितीवर आहात, म्हणून तुम्हालाच सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले. "सोमवारी रुग्णालयात माणसांना पहिली गोळी द्यायची आहे. नवा नियम आहे, त्यामुळे त्यात निम्म्या बायका घेतल्यात. आपलं कौतुक झालंय त्याबद्दल. अशा वेळी हा घाणेरडा प्रकार. सोमवारच्या आत मला करणारा हवा."

"आणि नाही सापडला तर?"

"न सापडायला काय झालं? किल्ली एकाकडेच असते."

२

किल्ली शांतारामकडे असायची.

त्याचं खरं नाव वेगळंच होतं. लहानपणीच्या तापात त्याचं ऐकणं गेलं, बोलणंही तुटकच राहिलं. ह्या माणसाचा कधी आवाजच नाही, म्हणून कुण्या विनोदवीराने त्याला शांताराम म्हटलं आणि ते चिकटलं. प्राणिगृहाची झाडलोट, पिंजरे, खाणं-पाणी सगळं त्याच्याकडे. आदल्या दिवशी त्याने माद्यांच्या खोलीत फरशीचं कुठलंतरी नवं, उग्र वासाचं औषध वापरलं आणि धाकटीने त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. म्हणजे किल्ली होती, रागही होता आणि हाताशी उग्र औषधही होतं. हे तिन्ही एकत्र आल्यावर बाईंना फार विचार करावासा वाटला नाही.

त्यांनी त्याला प्राणिगृहाच्या पुढच्या खोलीत गाठलं. तिथल्या शिस्तीप्रमाणे दोघांच्या अंगात झगा, डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क.

"काल संध्याकाळी शेवटचं कुलूप तूच लावलंस ना?"

तो बघत राहिला.

"खाणं कुठल्या पोत्यातलं घातलंस?" बाईंनी आवाज चढवला. बहिऱ्याशी बोलताना माणूस उगाचच ओरडतो, तसा.

शांतारामने एक बोट स्वतःच्या तोंडाजवळ नेलं आणि खाली ओढल्यासारखं केलं. मग पुन्हा तेच केलं, ह्या वेळी बाईंच्या तोंडाकडे बोट दाखवून.

तोंड उघडणार नाही म्हणतोय, बाईंना वाटलं. आणि वर मलाच गप्प बस म्हणतोय.

त्यांनी आणखी दोन-चार प्रश्न विचारले. त्याने शेवटी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. निर्दोष माणूस निदान बाजू मांडायची धडपड तरी करतो, असं मनाशी म्हणत बाईंनी सरांच्या कागदावर सही केली. चौकशी संपेपर्यंत कामावरून दूर.

सरांनी तो कागद कँटीनमध्ये, भर जेवणाच्या वेळी त्याच्या हातात दिला. त्याने वाचला. डबा उघडलेला होता, त्यावर झाकण लावलं आणि टेबलांच्या मधून चालत निघून गेला. बाईंनी आपल्या ताटातली कोशिंबीर चमच्याने इकडची तिकडे केली.

दुपारी त्या दादांच्या खोलीत गेल्या. दादा म्हणजे स्वागतकक्षातल्या ताईचा सख्खा भाऊ. ती दादा म्हणायची म्हणून अख्खी संस्था त्यांना दादा म्हणू लागली. औषधावरचं पहिलं काम त्यांच्याच हातचं. बैठकीत धाकटीची सगळ्यांत जास्त टर उडवायचे ते हेच. 'माद्यांना विचारून बघ, आज मूड आहे का,' असलं काहीतरी बोलून सगळ्यांना हसवायचे.

आज मात्र ते हसायच्या बेतात नव्हते.

"शांतारामला कशाला काढलंत?" बाई खुर्चीवर टेकायच्या आतच ते म्हणाले. "तो असलं करणार नाही."

"तुम्हाला बरी खात्री."

"बाई, तो बाळंतीण मादीच्या पिंजऱ्याशी पाऊल वाजवत नाही. स्वतःला ऐकू येत नसताना."

"मग कुणी केलं?"

दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पुन्हा काढला.

"प्रत्येक मरणाला मारणारा असतोच असं नाही," ते म्हणाले.

३

दुसऱ्या दिवशी बाईंनी शवविच्छेदनाला सुरुवात केली.

पोटात जाळणारं, भाजणारं काही नव्हतं. नाक-फुफ्फुसं स्वच्छ, म्हणजे फरशीच्या औषधाची वाफही लागलेली नव्हती. खाणं नरांच्याच पोत्यातलं निघालं. पण यकृत! पहिल्या मादीचं सुजून फिकट पडलेलं, दाबलं तर बोट रुतत होतं. दुसरीचं तसंच. तिसरीचं पाहिल्यावर बाईंनी चौथीला हात लावायच्या आधी सुरी खाली ठेवली.

हे एका रात्रीचं काम नव्हतं. यकृत असं व्हायला दिवस जावे लागतात. विष असेल तर ते थोडंथोडं, रोज, हाताने दिलं गेलं होतं.

त्या उठून माद्यांच्या खोलीत गेल्या आणि रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. वरच्या फळीवर एक, मग दोन सोडून एक, खाली कोपऱ्यात एक. सगळे विखुरलेले. रागाच्या भरात येणारा माणूस असा निवडून-निवडून कशाला मारेल? हाताला लागेल ती रांग उडवेल.

मग त्यांचं लक्ष टिकल्यांकडे गेलं. रिकामे झाले ते सगळे पिंजरे निळ्या टिकलीचे होते. पिवळ्या टिकलीची एकही मादी मेली नव्हती.

त्या धाकटीकडे गेल्या.

"रोजचा डोस कोण देतं?"

"मीच. निळ्या बाटलीतून निळ्यांना, पिवळ्या बाटलीतून पिवळ्यांना." तिचा चेहरा पडला. "म्हणजे आता माझ्यावर संशय आहे का?"

"बाटलीत कुणी काही मिसळलं असेल तर?"

"मग नरसुद्धा मेले असते," धाकटी म्हणाली. "भिंतीपलीकडच्या निळ्या नरांना त्याच बाटलीतून देते मी."

बाईंच्या डोक्यात काहीतरी आकार घेत होतं, पण तो आकार त्यांना आवडत नव्हता.

"ही खोली तुला कुणी मिळवून दिली? सरांनी?"

धाकटीने दाराकडे बघितलं. "कुणाला सांगू नकोस म्हणाले होते. दादांनी."

"जे तुझी चेष्टा करायचे ते?"

"हो. मलाही नवल वाटलं. बैठकीत टोमणे मारायचे आणि मागून पिंजऱ्यांची सोय करून द्यायचे. मी म्हटलं, माद्या लहान चणीच्या असतात, डोस जरा कमी ठेवू का? तर म्हणाले, अजिबात नको. नरांना देतेस त्याच हिशोबाने पूर्ण दे. वजनाच्या मानाने एवढासुद्धा कमी नको." ती थांबली. "बाई, एक विचारू? शांतारामभाऊंशी तुम्ही कुठे बोललात?"

"प्राणिगृहात. बोलला कुठे? तोंडच उघडलं नाही त्याने."

"मास्क लावून विचारलंत?"

"अर्थात. तिथे—"

"ते ओठ वाचतात, बाई," धाकटी म्हणाली. "मास्क खाली घ्या, म्हणून खूण करतात. मलासुद्धा उशिरा कळलं. परवा मीही मास्क लावूनच ओरडले त्यांच्यावर."

तोंडाजवळ नेऊन खाली ओढलेलं ते बोट बाईंच्या डोळ्यांसमोर आलं. त्याने दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा तो मदतच करत होता.

४

आकडेवाला स्वभावाने कोरडा होता. वेळेआधी रंग फोडायचे नाहीत, हे त्याने बाईंना तीनदा ऐकवलं. मग बाईंनी त्याला यकृताबद्दल सांगितलं. त्याने खुर्ची मागे सारली आणि म्हणाला, "निळं म्हणजे औषध. पिवळं म्हणजे पाणी."

बाई जिना उतरू लागल्या.

खुनी म्हणून कुणी नव्हताच. कुणी काही मिसळलं नव्हतं, कुणी कुलूप उघडलं नव्हतं. बाटलीत जे असायला हवं तेच होतं. नरांचं शरीर ते औषध रोजच्या रोज मोडून बाहेर टाकत होतं. माद्यांच्या शरीरात ते साचत गेलं, आजच्यावर उद्याचं, आणि एका रात्री यकृताने हात टेकले. धाकटीचा प्रयोग कुणी उधळून लावला नव्हता. मेलेल्या माद्या हेच त्या प्रयोगाचं उत्तर होतं. आणि एवढी मोठी संस्था ते उत्तर सोडून चोर शोधत बसली. चोर तरी कुठला, सरळ संन्याशाला फाशी दिली. त्यावर सही बाईंची होती.

पण एवढ्याने भागत नव्हतं. एक गाठ अजून सुटायची होती. दादा म्हणाले होते, प्रत्येक मरणाला मारणारा असतोच असं नाही. हे ते बोलले तेव्हा एकाही मादीचं पोट उघडलेलं नव्हतं. मग त्यांना कसं कळलं?

स्वागतकक्षात ताई डाव्या हाताने कुणाचातरी फोन जोडून देत होती. बाई काउंटरला टेकल्या.

"हाताच्या मुंग्या कशा आहेत?"

"आहेत तशाच. झोप लागत नाही कधीकधी."

"मग आपल्याच औषधाच्या चाचणीत का नाही जात? तुझ्यासारख्यांसाठीच तर आहे."

"गेले होते की," ताई म्हणाली. "तपासण्या झाल्या, निवड झाली. पण दादाने रुग्णालयात फोन करून नाव काढायला लावलं. म्हणाला, तुला बीपी आहे, तुला नाही चालणार."

"बीपी आहे तुला?"

ताई हसली. "छे हो. मला कुठलं बीपी? उगाच काळजी करतो. लहानपणापासून तसाच आहे तो."

बाईंना हसू आलं नाही. त्यांचा चेहरा बघता बघता ताईचंही हसणं ओसरलं.

"काय झालं, बाई?"

"चल माझ्याबरोबर," बाई म्हणाल्या. "फोन वाजू दे."

५

दादांनी दोघींना एकत्र दारात पाहिलं आणि ते उभे राहिले. मग बसले.

"ताईचं नाव तुम्ही काढायला लावलंत," बाई म्हणाल्या. "धाकटीला खोली तुम्ही दिलीत. डोस कमी करू नको, हेही तुम्हीच सांगितलंत. आणि पोट उघडायच्या आधीच तुम्हाला माहीत होतं, की कुणी मारलेलं नाही. हे तुम्ही पूर्वी पाहिलंय, दादा. असंच."

दादांनी तळहात टेबलावर पालथे ठेवले.

"अगदी सुरुवातीला," ते म्हणाले. "औषध नवं होतं. नर-माद्या दोन्ही घेतले होते. नर टुणटुणीत. माद्या गेल्या. मी सरांना सांगितलं, पिंजऱ्यांत रोग शिरला होता. मग म्हटलं, ह्यापुढे नरच घेऊ. चक्रांचं कारण दिलं. ते कारण सगळ्यांना इतकं पटलं, की कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही."

"का केलंत?"

"औषध चांगलं होतं, बाई. अजून आहे. माद्यांपायी ते गाडलं गेलं असतं. आणि तेव्हा माणसांच्या चाचणीत बायका घेतच नव्हते. मला वाटलं, कुणाचं काय बिघडतंय?"

"आणि बाजारात आल्यावर? दुकानात काय पुरुषांनाच विकणार होते?"

दादांनी तळहात टेबलावरून खाली घेतले.

"मग नवा नियम आला," ते म्हणाले. "बायका घ्या. सरांनी निम्म्या बायका घेतल्या, पण डोस तोच ठेवला, पुरुषांचा. तेव्हापासून माझी झोप गेली. कितीदा उठलो सरांकडे जायला. पण सांगायचं म्हणजे आधीचंही सांगावं लागणार. तेवढ्यात ही मुलगी माद्या मागत होती. म्हटलं, तिला देऊ. तिच्या पिंजऱ्यांतून आपोआप बाहेर येईल. मला बोलावं लागणार नाही."

"आलं की बाहेर. मग लोक विष-विष म्हणायला लागले तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, तुम्ही शोधून काढाल."

"आणि शांताराम घरी गेला तेव्हा?"

दादांनी मान खाली घातली. "मी म्हटलं होतं तुम्हाला, तो करणार नाही म्हणून."

"म्हटलंत," बाई म्हणाल्या. "खरं सोडून सगळं म्हटलंत. आधी त्या पोरीच्या आड लपलात, मग ज्याला बोलता येत नाही त्याच्या आड." बोलता बोलता त्यांचाच आवाज खाली आला. त्या आडोशाची भिंत बांधायला त्यांनीही हात लावला होता, आणि त्यांना तर काही लपवायचंही नव्हतं.

ताई इतका वेळ दाराशी उभी होती. ती पुढे आली.

"दादा, माझं नाव काढलंस. माझ्या जागी कुणाला घेतलंय?"

"ताई—"

"तुला माहीत असणार. सांग."

"एक बाई आहे," दादा म्हणाले. "कपड्यांना इस्त्री करते. हात दुखतात तिचे."

"तिला भाऊ नाही का?"

दादांचे डोळे भरून आले. ताई त्यांच्याजवळ गेली नाही. ती तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, "ऊठ. सरांकडे आत्ता जायचं. मी येते, पण बोलणार तू."

६

सरांनी सगळं ऐकून घेतलं. आधी ते रागावले, मग घाबरले, आणि मग त्यांना वाट सुचली.

"सोपं आहे," ते म्हणाले. "सोमवारच्या चाचणीतून बायका काढून टाकू. नुसते पुरुष ठेवू. वेळेत सुरू होईल."

"आणि बायकांचं दुखणं?" बाईंनी विचारलं.

"ते पुढे बघू."

"आपण इतकी वर्षं पुढेच बघतोय, सर. बायका काढू नका. त्यांचा डोस शोधा. त्यांना निम्मा लागेल, पाव लागेल, दिवसाआड लागेल, ते शोधल्याशिवाय कुणालाच गोळी देऊ नका. आणि ते काम धाकटीला द्या."

सर कुरकुरले. पण मेलेल्या माद्यांचं आता बाईंना माहीत होतं, आकडेवाल्याला माहीत होतं आणि ताईलाही माहीत होतं. मूग गिळून बसायची सोय उरली नव्हती. सोमवारची चाचणी थांबली. रुग्णालयाच्या यादीतल्या प्रत्येक बाईला आणि प्रत्येक पुरुषाला कारण सांगून फोन गेले. त्यांतले बरेचसे ताईने स्वतः केले. दादांनी राजीनामा लिहून दिला. संस्थेने तो बाजूला ठेवला आणि चौकशी लावली, कारण राजीनामा देऊन सुटणं फारच स्वस्त पडलं असतं.

शांतारामच्या घरी बाई एकट्याच गेल्या. त्याच्या बायकोने दार उघडलं. तिला ऐकू यायचं, आणि नवऱ्याच्या हातांची भाषा तिला तोंडपाठ होती. बाई खिडकीच्या उजेडात उभ्या राहिल्या, चेहरा त्याच्याकडे करून, आणि घडलं ते सगळं सांगितलं. आपण काय समजलो, ते सांगताना त्यांना दोनदा थांबावं लागलं.

त्याने हातांनी काहीतरी सांगितलं. थोडकंच.

"म्हणतो, घरात येऊन नको," बायको म्हणाली. "सगळ्यांसमोर काढलंत, सगळ्यांसमोर सांगा."

बाईंनी सांगितलं. कँटीनमध्ये, भर जेवणाच्या वेळी, शांताराम आणि त्याची बायको समोर असताना. भाषण वगैरे केलं नाही. ह्या माणसाने काही केलं नव्हतं, मी त्याला नीट विचारलंसुद्धा नाही, आणि चूक माझी आहे, एवढंच म्हणाल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धाकटी ताटाकडे बघत राहिली. तिचंही काही देणं होतं. मग तीही उठली आणि तिचं तिने सांगितलं. सर त्या दिवशी जेवायला आलेच नव्हते.

बाहेर व्हरांड्यात शांतारामची बायको बाईंजवळ थांबली. तो पुढे फाटकापर्यंत गेला होता.

"उद्यापासून येईल तो कामावर," ती म्हणाली. "घर चालवायचंय. पण तुम्ही माफी मागितली म्हणून येतोय, असं समजू नका."

"नाही समजणार," बाई म्हणाल्या.

ती नवऱ्याच्या मागे निघाली. बाई थोडा वेळ व्हरांड्यातच उभ्या राहिल्या, आणि मग प्राणिगृहात जाऊन मेलेल्यांपैकी तपासायच्या राहिलेल्या माद्यांची यकृतं बघायला बसल्या.